मोळीची वाट : मराठी रानलेखनाविषयी काही प्रश्न

१

नाशिकच्या द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर मी राहतो. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे दूध आणायला खाली उतरलो की चौकात दोन घोळके उभे दिसतात. एका घोळक्यातील तरुण-तरुणींच्या पाठीवर रंगीत सॅक असतात, पायांत जाड तळाचे बूट असतात. त्यांची बस कधी त्र्यंबकच्या बाजूला हरिहरला, तर कधी घोटीवरून कळसूबाईला जायची असते. दुसऱ्या घोळक्यात फावडी-घमेली घेतलेली, फडक्यात भाकर बांधलेली बाया-माणसे असतात. पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातून ती शहरात कामाला आलेली असतात आणि मुकादमाच्या गाडीची वाट पाहात असतात. पहिला घोळका ज्या डोंगरांकडे निघालेला असतो, त्याच डोंगररांगांतून दुसरा घोळका उतरून आलेला असतो. दोघे एकमेकांकडे पाहात नाहीत.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. रविवारी डोंगरावर जाणे हा गुन्हा नव्हे. माझा प्रश्न साहित्याचा आहे. हे जे चौकात घडते तेच मराठी रानलेखनात घडत आले आहे काय? आणि घडत असेल तर आमच्या समीक्षेला ते आजवर का खटकले नाही?

हा प्रश्न मला पुस्तके वाचून सुचलेला नाही. तो एका निबंधस्पर्धेमुळे पडला. गेल्या वर्षी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'माझी रानवाट' या विषयावर एक स्पर्धा झाली. परीक्षक तिघे, त्यांत मी एक. पहिल्या क्रमांकाचा निबंध कळसूबाईच्या चढाईवर होता. त्यात ढगांचा समुद्र होता, धुके होते, शिखरावरचा वारा होता आणि शेवटी 'निसर्गापुढे माणूस किती लहान' हा विचार होता. भाषा शुद्ध होती. तिघांनीही भरभरून गुण दिले.

दुसरा एक निबंध पाड्यावरून आलेल्या, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलीचा होता. तिची रानवाट म्हणजे तिची आई ज्या वाटेने सरपणाची मोळी आणते ती वाट. घरून निघाल्यावर नाला कुठे लागतो, कोणते लाकूड लवकर वाळते, मोळी बांधायला कोणता वेल चांगला, गार्ड येतो आहे असे कळले की बाया कोणत्या बाजूने उतरतात, कोयता कुठे लपवतात, आणि अर्ध्या वाटेवर एक सपाट धोंडा आहे त्यावर मोळी टेकवून आई कशी दम घेते, हे सगळे तिने लिहिले होते. विशेषणे जवळजवळ नव्हतीच. एका परीक्षकाने समासात लिहिले, 'निसर्गवर्णन नाही.' दुसऱ्याने लिहिले, 'विषयाला सोडून.' मी वीसांपैकी अकरा गुण दिले.

मी अकरा गुण दिले, हे मला इथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. कारण माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझी आजी मोळ्या विकून माझ्या बापाला शाळेत पाठवत होती. मोळीच्या ओझ्याने तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते, ते मी लहानपणी हात लावून पाहिले आहेत. असे असताना मोळीच्या वाटेवरचा निबंध समोर आला तेव्हा माझ्या हातून अकराच गुण का पडले? माझ्याच अनुभवाला कमी गुण देणारा हा परीक्षक माझ्या आत कोणी बसवला? या लेखात मला त्याचाच शोध घ्यायचा आहे.

२

आमची अभिरुची पाठ्यपुस्तकांनी घडवली. त्या अभिरुचीत रानाविषयी जे चांगले म्हणून शिकवले गेले ते खरोखरच चांगले होते, हे आधी मान्य केले पाहिजे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. झाडाकडे आणि आभाळाकडे इतक्या बारकाईने पाहता येते, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने शिकवले. गो. नी. दांडेकरांनी गड-किल्ले पायी तुडवले आणि गडावर राहणाऱ्या साध्या माणसांविषयी जिव्हाळ्याने लिहिले. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलातील वानरांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' लिहिले. मारुती चितमपल्ली सोलापूरच्या कष्टकरी वस्तीतून आले, वनखात्यात नोकरी करीत रान शिकले आणि 'रानवाटा'सारखे पुस्तक त्यांनी मराठीला दिले. २०२५ साली ते गेले तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना मी त्यांचेच पान वाचून दाखवले. या लेखकांविषयी माझ्या मनात आदर आहे. सरसकट नाकारण्याची घाई समीक्षेने करू नये.

पण या सर्व लेखनात एक गोष्ट समान आहे, आणि ती आम्ही गृहीत धरून चाललो. या लेखनातला चालणारा माणूस रिकाम्या हाताने चालतो. त्याच्याजवळ काठी असेल, दुर्बीण असेल, वही असेल; डोक्यावर ओझे नसते. तो थांबतो तो पाहण्यासाठी. मोळीवाली थांबते ती मान मोडून येते म्हणून. एकाच धोंड्याजवळ दोघेही थांबले तरी पहिल्याच्या थांबण्यातून ललित लेख तयार होतो, दुसरीचे थांबणे त्या लेखात एखाद्या ओळीचे दृश्य होते. 'दूरवर एक मोळीवाली जात होती.' इतकेच. ती कोणाची, कुठे जात होती, मोळीचे तिला किती मिळणार होते, हे लेखाच्या कक्षेत येत नाही. ती झाडासारखी निसर्गाचा भाग होते.

शब्दांचेच उदाहरण घ्या. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द चितमपल्लींनी मराठीत रुळवले. ते सुंदर आहेत. रानातल्या लोकांकडून त्यांनी असंख्य नावे आणि संकेत मिळवले आणि ते ऋण लपवले नाही, हेही खरे. तरीही ज्या धीवराने, ज्या गोंडाने, ज्या कोरकूने ती वसाहत पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्याचा शब्द मराठी ज्ञानात यायचा तर त्याला संस्कृतचे धोतर नेसावे लागते काय? हा प्रश्न एकट्या चितमपल्लींना नाही. तो आपल्या सगळ्या प्रमाणभाषेला आहे.

आणि रानातला माणूस या लेखनात येतो तो कोणत्या भूमिकेत? वाटाड्या म्हणून. तो वाट दाखवतो, पाणी आणून देतो, पक्ष्याचे नाव सांगतो, भुताची गोष्ट सांगतो. लेखकाला ज्ञान झाले की त्याचे काम संपते. तो कधी स्वतः पाहात नाही. त्याला रान सुंदर वाटते की नाही, हे त्याला कोणी विचारलेले नसते. पुष्कळदा त्याचे नावही एकेरी, अर्धे, आडनावाविना असते.

माझ्या घरापासून काही किलोमीटरवर मुंबईच्या दिशेने त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. तिथे राजे-राण्यांचे मोठे शिलालेख आहेत. गौतमी बलश्रीचा आहे, उषवदाताचे आहेत. पण त्याच डोंगरात एका लहान लेण्यावर मुगूदास नावाच्या एका दासकाचे, म्हणजे अभ्यासकांच्या अर्थाप्रमाणे मासेमाराचे, दान कोरलेले आहे. एका मासेमाराचे नाव नाशिकच्या दगडात शतकानुशतके टिकून आहे. आमच्या रानलेखनातल्या वाटाड्याचे नाव पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंतही टिकत नाही.

३

वाटाड्या हा शब्द माझ्या घरात वेगळ्या अर्थाने नांदत होता. माझे आजोबा तरुणपणी गावची येसकरकी करीत. गावात साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे चालायचे, रात्र झाली तर कंदील घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे, तिथून त्या गावच्या महाराने पुढे न्यायचे. सांगावा, टपाल, सरकारी भरणा, मयताची बातमी, सगळे पायाने. गावाच्या शिवेचा प्रत्येक दगड आजोबांना ठाऊक होता, कारण शिवेचा तंटा उद्‌भवला की साक्ष महाराची. रानातली एकही वाट अशी नव्हती की जी त्यांच्या पायाखालून गेली नाही. पण 'वा, काय सुंदर वाट आहे', असे त्यांच्या तोंडून कोणी ऐकल्याचे मला माहीत नाही.

हे चालणे कायद्याने बांधलेले होते. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वतन कायद्याने महाराला सरकारचाही आणि गावाचाही नोकर करून ठेवले. कामाला दिवस-रात्रीची मर्यादा नाही आणि मोबदला नावापुरता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. ही वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने संपली. म्हणजे मराठीत 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले तेव्हा माझे आजोबा साहेबापुढे कंदील घेऊन चालत होते. ही दोन्ही चालणी एकाच काळातली, एकाच महाराष्ट्रातली.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आजोबा ज्या साहेबांना वाट दाखवत, त्यांत जंगलखात्याचे साहेबही असत. ते ज्या पाड्यावर जात तिथल्या ठाकरांचे, कोळ्यांचे कोयते जप्त होत. आजोबांना ते आवडत नसे. पण वाट त्यांनीच दाखवलेली असे. दलित आणि आदिवासी यांचे दुःख एकच आहे असे आम्ही सभेत सहज म्हणून जातो. व्यवस्थेने एका पिडलेल्याला दुसऱ्या पिडलेल्याच्या दाराशी वाटाड्या म्हणून उभे केले होते, हा इतिहास त्या घोषणेत मावत नाही. तो लिहिला गेला पाहिजे आणि आमच्या बाजूने आम्हीच लिहिला पाहिजे.

या पार्श्वभूमीवर आमची आत्मकथने पुन्हा वाचून पाहा. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ चे. तराळ म्हणजे निरोप घेऊन धावणारा. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्यात महाराच्या गावकीच्या कामांची जी यादी येते ती पुष्कळशी चालण्याची यादी आहे. लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'मध्ये (१९८०) अख्खे कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावामागून गाव तुडवते. समीक्षकांनी या पुस्तकांना आत्मकथने म्हटले, वेदनेचे दस्तऐवज म्हटले. ती मराठीतली प्रवासवर्णनेही आहेत, असे कोणी म्हटले नाही. प्रवासवर्णन म्हणजे परत येण्याची हमी असलेल्या माणसाचे लेखन, अशी व्याख्या आम्ही नकळत करून बसलो.

'बलुतं'विषयी तर अधिकच आश्चर्य वाटते. दया पवारांचे धामणगाव पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड याच तालुक्यातले. महाराष्ट्रातले सर्वाधिक भटके ज्या तालुक्यात चालायला जातात, त्याच तालुक्याच्या महारवाड्यातून मराठीतले एक थोर पुस्तक आले. पण कळसूबाईच्या पायथ्याशी बसमधून उतरणाऱ्या मुलांच्या वाचनाच्या यादीत ते नसते. डोंगराचे पुस्तक वेगळे आणि महारवाड्याचे पुस्तक वेगळे, अशी ही वाटणी कोणी केली? गावकुसाबाहेरची वस्ती ग्रंथालयाच्या कपाटातही गावकुसाबाहेरच ठेवली गेली.

४

मराठीत 'वहिवाट' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. ज्या वाटेने लोक वर्षानुवर्षे चालले, ती वाट त्यांची झाली, असा तो न्याय. पायांनी मिळवलेला हक्क. इंग्रजांच्या वनकायद्यांनी हा न्याय मोडला. १८७८ च्या कायद्याने राने राखीव झाली. १९२७ चा भारतीय वन कायदा त्याचाच वारसा घेऊन आला. त्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे राखीव वनातली कोणतीही सार्वजनिक वा खाजगी वाट सरकारच्या मंजुरीने बंद करता येते; पुरेशी सोयीची दुसरी वाट असली किंवा काढून दिली म्हणजे झाले. सोयीची कोणाला, हे ठरवणार सरकारच. सव्विसाव्या कलमाने राखीव वनात शिरणे, गुरे चारणे, लाकूड तोडणे हे गुन्हे ठरवले. आजीच्या पायांची वहिवाट एका रात्रीत अतिक्रमण झाली.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, अभयारण्ये झाली. भीमाशंकर १९८५ साली आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. जुने रान राखले पाहिजे, शेकरू जगली पाहिजे, याविषयी माझा वाद नाही. भीमाशंकरच्या दाट रानात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो आहे. तिथली कित्येक राने देवराई म्हणून ज्यांनी राखली ते महादेव कोळी त्याच रानातला हिरडा वेचून जगत आले. म्हणजे राखणारा आणि वेचणारा एकच होता. शहरातल्या मनाला मात्र वाटते की राखायचे असेल तर वेचणारा बाहेर पाहिजे, आणि पाहणारा आत आला तरी चालेल.

कारवी फुलली की निळ्या-जांभळ्या उतारांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. सातेक वर्षांनी एकदाच फुलते म्हणून तिचे अप्रूप मोठे. त्या कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप देऊन डोंगरातली माणसे घराचे कूड करतात. कारवीचे फूल आणि कारवीची भिंत एकाच निबंधात आली तर तो निबंध पूर्ण होईल. आजवरच्या मराठी लेखनात फुलाला पान मिळाले, भिंतीला तळटीप.

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच मान्य केले. पण कागदावरचा हक्क हातात पडेना, म्हणून ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा पायी निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी त्यात हजारोंनी होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ते १२ मार्चच्या पहाटे मुंबईच्या आझाद मैदानावर पोचले. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. त्यांच्या फुटलेल्या तळपायांची छायाचित्रे देशाने पाहिली. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. मुंबई नाक्यापर्यंत त्यांच्याबरोबर चाललो आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी तास होते. परत फिरण्याची सोय ज्याला असते तोच प्रवासवर्णन लिहितो, हे वाक्य मला त्या दिवशी सुचले आणि ते माझ्यावरच उलटले.

५

आता कळसूबाईकडे वळतो, कारण पहिल्या क्रमांकाचा निबंध तिच्यावर होता. महाराष्ट्रातले हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. वर देवीचे लहान मंदिर आहे. बारी गावातून निघणाऱ्या वाटेवर अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. त्या निबंधात शिड्या होत्या, मंदिर होते, 'जय' म्हणणारा घोळका होता. कळसू कोण, हे नव्हते.

लोककथा अशी की कळसू ही कोळ्याची मुलगी. रानात हिंडण्याची तिला आवड. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरच्या माणसाने तिला भांडी घासायला सांगितली. तिने ती घासली आणि तशीच उठून डोंगर चढून गेली, ती परत खाली आलीच नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. जुन्या गॅझेटियरात ही कथा नोंदलेली आहे आणि डोंगरातली माणसे आजही ती सांगतात.

या कथेचा अर्थ काय? महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेवर जाणारी वाट एका कामवाल्या मुलीच्या नकाराची वाट आहे. दिलेला शब्द मोडला म्हणून ती चढली. सूर्योदय पाहायला ती गेली नव्हती. माणूसपण राखायला गेली होती. नकार हा शब्द दलित साहित्याने मराठी समीक्षेला दिला असे आपण अभिमानाने म्हणतो. कळसूने तो त्याआधी कधीतरी पायांनी लिहून ठेवला आहे. दरवर्षी हजारो लोक त्या वाटेने चढतात, शिखरावर नारळ फोडतात, छायाचित्र काढतात आणि घरी येऊन पुन्हा भांडी कामवालीच्या पुढे सारतात. देवी केली की बाईचे म्हणणे ऐकावे लागत नाही, हा आपल्या संस्कृतीचा जुना तोडगा इथेही चालला आहे.

६

इथपर्यंत मी प्रस्थापितांना जाब विचारला. आता आमच्याकडे पाहतो, कारण स्वतःकडे न पाहणारी समीक्षा प्रचार होते.

दलित साहित्याने रान सोडून दिले. त्याची कारणे खरी होती. खेडे ही आमच्यासाठी छळछावणी होती, शहराकडे चला हा मुक्तीचा मार्ग होता. आमच्या नाशिकचे बाबूराव बागूल यांच्या कथेने मुंबईची झोपडपट्टी मराठीत आणली, ती त्या मार्गाचीच साक्ष. पण या घाईत डोंगर, झाड, पाऊस, पाखरू हे सगळे आम्ही त्यांचे म्हणून त्यांना देऊन टाकले. चांदण्याविषयी लिहिले तर आपल्यावर सौंदर्यवादी असा शिक्का बसेल, या भीतीने आमच्या पिढीतल्या कितीतरी कवींनी आपल्या गावचा डोंगर लिहिलाच नाही. आजोबांनी 'सुंदर वाट' असे म्हटले नाही, हे मी वर लिहिले. त्यांना ती सुंदर दिसलीच नसेल, असे मी तरी कशावरून धरून चाललो? न बोललेले म्हणजे न पाहिलेले, हे प्रस्थापित समीक्षेचे गृहीतक मीही डोक्यात घेऊन फिरत होतो.

बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांना वाटले की बाबासाहेबांबरोबर एकदा सहलीला जावे. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची ठरली. बाबासाहेब नाशिकला आले, सहकारी त्यांना नाशिकलाच येऊन मिळाले आणि तीसएक जणांची ही मंडळी निघाली. त्या वेळी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला चार वर्षे होत आली होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबून धुळीने माखलेल्यांनी तिथल्या टाक्यावर हात-पाय धुतले. तोच पाणी बाटवले म्हणून ओरडा झाला, लोक जमले, मारामारीची वेळ आली. शेवटी कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर एक शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. अस्पृश्यता केवळ हिंदूंपुरती नव्हती, हे दाखवण्यासाठी हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि तो बरोबरच आहे.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लढ्याच्या ऐन काळात ही माणसे सहलीला निघाली होती. पाण्याचा हक्क, मंदिराचा हक्क मागणाऱ्यांना लेणी पाहण्याची, किल्ला चढण्याची हौसही होती आणि त्या हौसेची त्यांना लाज वाटली नाही. आणि किल्ला त्यांनी पाहिला तो पहाऱ्यात. नुसते पाहणे हाही हक्क आहे, आणि तोही जातीने नाकारलेला आहे, हे त्या शिपायाच्या सोबतीने सिद्ध होते. आमच्या साहित्याने पाण्याचा हक्क लिहिला, भाकरीचा लिहिला. पाहण्याचा हक्क लिहायचा राहिला आहे.

७

त्या मुलीच्या निबंधाकडे परत येतो. निकाल लागून गेल्यावर मी तो पुन्हा वाचला. सपाट धोंड्याच्या परिच्छेदात दोन साधी वाक्ये होती. आई मोळी टेकवून तिथे थोडी बसते आणि खाली दरीकडे पाहते. काय पाहते ते सांगत नाही. या वाक्यांखाली लाल शाईने रेघ होती आणि समासात शेरा होता, 'काय पाहते? लिहा.' अक्षर माझेच होते.

निसर्गवर्णन नाही म्हणून ज्या निबंधाला आम्ही बाजूला सारले, त्यात ओझे उतरवून दरीकडे पाहणारी एक बाई होती. मराठी रानलेखनात अशी बाई मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही. ती दृश्य नव्हती, ती पाहणारी होती. तिचे पाहणे तिच्या मुलीने टिपले होते, आणि आईला जे सांगायचे नव्हते ते आपल्या पदरचे घालून लिहायचे नाही, एवढा संयमही त्या मुलीजवळ होता. हा संयम आमच्या भल्याभल्या ललितलेखकांना जमलेला नाही.

बक्षीस समारंभाला ती आली होती. बक्षीस नव्हते, सहभागाचे प्रमाणपत्र होते. मी तिला बाजूला घेऊन विचारले, "आई काय पाहते गं तिथं?"

ती म्हणाली, "सर, मी नाही विचारलं कधी. तेवढंच ती बसते."

निकाल बदलता येत नव्हता. संयोजकांना मी पत्र लिहिले की माझे अकरा गुण चुकीचे होते आणि पुढच्या वर्षी परीक्षकांना सूचना देताना 'निसर्गवर्णन' हा शब्द काढून टाकावा. उत्तर आलेले नाही. तो निबंध मी तिच्या परवानगीने माझ्या वर्गात वाचून दाखवला. वर्गात पहिल्या क्रमांकाचा निबंध लिहिणारा मुलगाही होता. तास संपल्यावर त्याने मला विचारले, "सर, कळसूबाईवर आम्हांला वाट दाखवायला एक काका होते. त्यांचं नाव मी निबंधात लिहिलं नाही. आता लिहिलं तर चालेल का?" मी म्हटले, "नाव लिही, आणि त्यांना किती पैसे दिलेत तेही लिही."

शिक्षक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. प्रवासवर्णन शिकवताना 'उपरा'तले एक प्रकरण त्यात शिकवून पाहा. निसर्गावर निबंध मागताना मुलांना विचारा की या वाटेवर कोण काय वाहून नेते. रानावरचे कोणतेही पुस्तक समोर आले की त्यातल्या चालणाऱ्याचे हात रिकामे आहेत की भरलेले, हे आधी पाहा. आणि ज्यांच्या आई-आजीने मोळ्या वाहिल्या त्या आमच्या मुलामुलींना रविवारच्या बसमध्ये बसवून डोंगरावरही न्या. त्यांनी तिथे काही न वाहता चालावे, हवे तिथे बसावे, हवे तितके पाहावे. त्यांनी काय पाहिले ते लगेच लिहिलेच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नका. लाल शाईचा तो शेरा पुन्हा लिहायची माझी तरी तयारी नाही.